तोंड पुन्हा पुन्हा येतंय? जेल लावण्याआधी तारीख लिहा

गेल्या महिन्यात एक काका दवाखान्यात आले आणि खिशातून एकेक करत चार ट्यूबा टेबलावर काढून ठेवल्या. दोन अर्धवट पिळलेल्या, एक शेवटपर्यंत गुंडाळलेली, एक नवी कोरी. शिवाय बी कॉम्प्लेक्सचं रिकामं पाकीट. "म्याडम, सारखं तोंड येतंय. सगळं लावून झालं." मी विचारलं, "शेवटचं कधी आलं होतं? कुठल्या बाजूला? किती दिवस राहिलं?" काका माझ्याकडे बघत राहिले. "येतंय की सारखंच," एवढंच त्यांना सांगता आलं.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी अठरा वर्षं दातांचा दवाखाना चालवते. आठवड्यातून चार-पाच जण तरी हीच तक्रार घेऊन येतात. औषध सगळ्यांनी करून पाहिलेलं असतं, निदान कुणाचंच झालेलं नसतं. आपल्याकडे "तोंड आलं" म्हटलं की विषय संपतो, पण त्या दोन शब्दांखाली दहा-बारा निरनिराळे आजार दडलेले आहेत. एक आठ-दहा दिवसांत आपोआप जातो. एक दाढेची कड घासली की जातो. एक अंगातली कमतरता भरून काढल्याशिवाय जात नाही. आणि एक असा आहे की त्याच्यावर जेल लावत बसलं तर माणूस हातचा जातो. सुरुवातीला हे चारही एकमेकांसारखे दिसू शकतात.

म्हणून माझं पहिलं सांगणं कुठल्याही औषधाचं नाही. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कालनिर्णय असतं. दूधवाल्याचा खाडा, गॅसची टाकी लावल्याची तारीख आपण त्यावरच लिहितो. त्याच चौकटीत लिहा: "तोंड आलं, डावा गाल, आतून." बरं झालं त्या दिवशी फुली मारा. तीन महिन्यांची ही तीन पानं पाहिली की माझं अर्धं काम होतं.

आधी नीट बघा

सकाळी खिडकीपाशी उजेडात आरसा घेऊन उभे राहा, हातात मोबाइलची बॅटरी. कवळी असेल तर काढून ठेवा. चमच्याच्या दांड्याने गाल बाहेर ओढा, ओठ उलटे करून आतली बाजू पाहा. जीभ बाहेर काढून स्वच्छ रुमालात धरा आणि आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वळवा. जिभेची मागची कड दाढांआड लपलेली असते. आरशात नुसता आ केला तर ती कधीच दिसत नाही. मग जीभ टाळूला टेकवून तिची खालची बाजू पाहा. शेवटी हात धुऊन जखमेच्या कडेला बोटाने हलकं दाबा. आजूबाजूच्या गालासारखं मऊ लागतं, की आत काही टणक लागतं?

माप घ्यायला पट्टी लागत नाही. मी पेशंटना तीन दाणे सांगते: मोहरी, ज्वारी, हरभरा. ज्वारीएवढा, गोल किंवा लांबट, मधे पिवळसर सायीसारखा थर आणि भोवती लालभडक रिंगण असा व्रण दिसला तर तो बहुतेक वेळा साधा ॲफ्थस व्रण असतो. वारंवार तोंड येणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांना हाच प्रकार असतो. व्रण उठण्याआधी एखादा दिवस तिथे चुरचुरतं, मग तीन-चार दिवस जीव नकोसा होतो आणि ७ ते १४ दिवसांत खूण न ठेवता तो भरून येतो. हरभऱ्यापेक्षा मोठा, म्हणजे सेंटिमीटरहून जास्त व्रण महिना-दीड महिना राहू शकतो आणि मागे वळ ठेवून जातो. तो घरी सांभाळायचा नाही. मोहरीएवढे दहा-वीस किंवा त्याहून जास्त ठिपके एकदम उठून एकमेकांत मिसळतात, हा तिसरा आणि कमी आढळणारा प्रकार.

यात जागा फार महत्त्वाची. ॲफ्थस व्रण मऊ, हलणाऱ्या भागावर उठतो: ओठांच्या आत, गालाच्या आत, जिभेखाली, जिभेच्या कडेला, पडजिभेजवळच्या मऊ टाळूवर. दातांना घट्ट चिकटलेली हिरडी आणि वरचा कडक टाळू इथे तो सहसा येत नाही. तिथे बारीक पुरळ उठून फुटले असतील तर ते नागिणीच्या नात्यातल्या हर्पिस विषाणूचं काम असण्याची शक्यता जास्त. हा फरक मी मुद्दाम सांगतेय, कारण ॲफ्थसवर चालणारं स्टेरॉइडचं मलम हर्पिसवर लावलं तर तो वाढतो. दुकानदार मात्र दोघांनाही एकच ट्यूब देतो.

दर वेळी तीच जागा?

मग दोष बहुधा अंगात नसतो, शेजारच्या दातात असतो.

शाळेत शिकवणाऱ्या एक बाई वर्षभर "उष्णतेने" हैराण होत्या. सब्जा झाला, गुलकंद झाला, तिखट बंद झालं, चहासुद्धा सोडला. त्यांच्या कॅलेंडरवर पाच नोंदी होत्या आणि पाचही वेळा एकच ओळ: "जीभ, उजवी कड." मी त्यांना बोलत राहायला सांगितलं आणि बघत बसले. "स" आणि "ष" म्हणताना जीभ उजवीकडच्या खालच्या दाढेला घासत होती. त्या दाढेतली जुनी चांदी अर्धी उडालेली होती आणि आतल्या बाजूची कड ब्लेडसारखी उभी राहिली होती. दिवसाला पाच तास शिकवायचं म्हणजे जीभ तिथून किती वेळा जात असेल! कड घासून गुळगुळीत केली, दाढ भरली. बाराव्या दिवशी त्या जीभ दाखवायला आल्या तेव्हा जागा कोरी होती.

कवळीची कड, ब्रेसेसची तार, झोपेत गाल चावायची सवय, कडक ब्रश घाईत सटकणं हे सगळं याच खात्यात जातं. कारण दूर केल्यावर दोन आठवड्यांत अशी जखम भरलीच पाहिजे. तोंडाच्या आतली त्वचा साधारण तेवढ्यात नवी येते. भरली नाही, तर मी तिला "दाताने झालेली जखम" म्हणायचं सोडून देते आणि पुढच्या तपासाला लागते. तुम्हीही तसंच करा.

जळून होणाऱ्या जखमाही असतात. दाढ ठणकते म्हणून ॲस्पिरिनची गोळी हिरडीपाशी धरून ठेवणं, लवंगेच्या तेलाचा बोळा रात्रभर ठेवणं, पानाला जास्त चुना लागणं, यातून पांढरा, सोललेला चट्टा पडतो. विचारल्याशिवाय कुणी हे सांगत नाही.

दर वेळी नवी जागा?

इथे खरी शोधाशोध. दर पाच माणसांत एकाला आयुष्यात कधी ना कधी हा ॲफ्थसचा त्रास होतो. बऱ्याचदा तो शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होतो, आणि आई-वडिलांपैकी एकाला असेल तर मुलांत येण्याची शक्यता वाढते. त्याचं एकच एक कारण नाही. अंगात तो प्रवृत्तीच्या रूपाने असतो आणि त्याला काहीतरी निमित्त लागतं.

निमित्तं शोधताना "उष्णता" या शब्दाला मी हसत नाही. माणसं खरंच काहीतरी पाहून तो वापरतात. दिवाळीनंतरच्या आठवड्यात माझ्याकडे तोंड आलेल्यांची गर्दी असते. चकलीचे काटे आणि कडक शेव गालाला बारीक ओरखडे पाडतात, त्यात जागरणं आणि धावपळ. ज्याला प्रवृत्ती आहे त्याच्या ओरखड्याचा दोन दिवसांत व्रण होतो. बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत मुलांचं हेच होतं, काही बायकांना पाळीच्या आधी होतं. काहींना शेंगदाणे, अननस, टोमॅटो किंवा चॉकलेट सोसत नाही. पण यादी ऐकून सगळंच बंद करू नका. कॅलेंडरवर आदल्या दोन दिवसांत काय वेगळं खाल्लं तेवढं लिहा आणि तीच गोष्ट तीन वेळा आली तरच ती सोडून पाहा. तिखट-आंबट बंद केल्याने व्रण झोंबायचा थांबतो. त्याने व्रणाचं मूळ कारण जातंच असं नाही.

टूथपेस्टचा खोका उलटून घटक वाचा. सोडियम लॉरिल सल्फेट हा फेस आणणारा पदार्थ बहुतेक पेस्टमध्ये असतो. काही जणांच्या तोंडाच्या नाजूक त्वचेला तो सोसत नाही. तो नसलेली पेस्ट दोन-तीन महिने वापरा आणि कॅलेंडरवरच्या नोंदी मोजा. कमी झाल्या तर उत्तर मिळालं.

आता बी-१२. हे माझ्या स्वतःच्या अंगावरून गेलंय, त्यामुळे जरा सविस्तर सांगते. बी.डी.एस.च्या तिसऱ्या वर्षापासून मला महिन्यातून दोनदा तोंड यायचं. घर पूर्ण शाकाहारी, मेसचं जेवण, रात्री उशिरापर्यंत अभ्यास. एका डॉक्टरांनी हिमोग्लोबिन तपासलं, ते १२.४ आलं. "रक्त चांगलं आहे, टेन्शन घेऊ नकोस," म्हणाले. मी दुकानातून बी कॉम्प्लेक्सच्या कॅप्सूल आणून खात राहिले, कधी घेतल्या, कधी विसरले. अशी दोन वर्षं गेली. मग तळपायांना मुंग्या यायला लागल्या, चप्पल पायात आहे की नाही हे बघून कळायचं. तेव्हा कुठे बी-१२ तपासलं गेलं. ते ११० निघालं; साधारणपणे २०० च्या खाली गेलं की कमतरता धरतात. इंजेक्शनं सुरू झाल्यावर तोंड येणं दोन महिन्यांत थांबलं, पायांना मात्र वर्ष लागलं.

तेव्हापासून मी तीन गोष्टी प्रत्येकाला सांगते. हिमोग्लोबिन चांगलं असलं म्हणजे बी-१२ आणि लोह चांगलं असतं असं नाही. लोहाचा साठा कळण्यासाठी फेरिटिन तपासावं लागतं; साठा आधी रिकामा होतो आणि हिमोग्लोबिन नंतर घसरतं. दुसरी, रक्त द्यायच्या आधी जीवनसत्त्वाची गोळी किंवा इंजेक्शन घेऊ नका, नाहीतर आकडा खोटा चांगला येतो आणि तपासणीचे पैसे वाया जातात. तिसरी, बी-१२ बघितल्याशिवाय नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या महिनोन्‌महिने खाऊ नका. रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं.

बी-१२ वनस्पतींत जवळजवळ नसतं. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक यांतून मिळतं, तेही पुरेसं पोटात गेलं तर. मधुमेहावरची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल, किंवा पित्तावरची पँटोप्राझोलसारखी गोळी रोज सकाळी ठरलेली असेल, तर बी-१२ आणखी कमी होतं. पन्नाशीच्या पुढच्या माझ्या निम्म्या पेशंटच्या पिशवीत या दोन्ही गोळ्या असतात. कमतरतेची खूण जिभेवर दिसते: ती गुळगुळीत, लाल, खरवडल्यासारखी होते आणि ओठांचे कोपरे फाटतात. पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या मुलींमध्ये मी आधी लोह बघते. जेवणावर लगेच चहा घ्यायची सवय असेल तर तीही मोडायला सांगते, कारण चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही.

वर्षातून तीनदा किंवा जास्त तोंड येत असेल आणि त्याबरोबर आणखी काही असेल, तर प्रश्न तोंडापुरता राहत नाही. वारंवार जुलाब, शौचातून रक्त, वजन घटणं असेल तर आतड्यांची तपासणी लागते; गव्हातलं ग्लूटेन न सोसणारा सिलिॲक आजार आणि आतड्यांना सूज आणणारा क्रोन्स हे दोन्ही तोंडातून आधी बोलू शकतात. गुप्तांगावरही व्रण, डोळे लाल होऊन दुखणं, सांधे धरणं हे जोडीला आलं तर बेहसेटचा आजार मनात धरावा लागतो. हुलुसी बेहसेट या तुर्की त्वचारोगतज्ज्ञाने १९३७ साली त्याचं वर्णन केलं. आपल्याकडे तो विरळा आहे, पण डोळ्यांची दृष्टी जाऊ शकते म्हणून विसरून चालत नाही. लहान मुलाला जवळपास ठरलेल्या तीन-चार आठवड्यांच्या अंतराने ताप, घसा आणि तोंडात व्रण येत असतील, तर ते कॅलेंडर बालरोगतज्ज्ञांना दाखवाच. ठरावीक दिवसांनी पांढऱ्या पेशी घटण्याचा एक आजार आहे, आणि तो तारखांवरूनच ओळखू येतो.

आणि हे तंबाखू सोडणाऱ्यांसाठी. तंबाखू किंवा सिगारेट बंद केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत तोंड येतं. खूप जण मला सांगतात, "म्याडम, खात होतो तेव्हा काही नव्हतं, सोडली आणि तोंड आलं," आणि परत बार भरतात. धुराने आणि तंबाखूने आतली त्वचा राठ झालेली असते; ती पुन्हा मऊ होत असताना हे व्रण येतात आणि थोड्या आठवड्यांत थांबतात. तेवढे दिवस मलम लावून काढा. कृपा करून परत सुरू करू नका.

औषधांची पिशवी टेबलावर ओता

एका आजींना संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट दिलं होतं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. आजींनी ती बाकीच्या गोळ्यांबरोबर रोज घेतली, नऊ दिवस. माझ्याकडे आल्या तेव्हा ओठांपासून घशापर्यंत सगळं सोललेलं होतं, पाणी गिळवत नव्हतं. घरच्यांना वाटलं, तोंड आलंय. हे तोंडापुरतं नव्हतं, हाडातल्या मज्जेत रक्त तयार होणं थांबत होतं. त्यांना मी खुर्चीवरून थेट मोठ्या दवाखान्यात पाठवलं. घरात कुणाला ही गोळी चालू असेल तर वार ठरवा आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

थायरॉइड जास्त असल्यावर देतात ती कार्बिमॅझोलही अशीच. ती चालू असताना ताप, घसादुखी आणि तोंडात व्रण एकत्र आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून पांढऱ्या पेशी मोजायच्या. छातीच्या दुखण्यावरची निकोरँडिल काही जणांत मोठे, खोल, न भरणारे व्रण आणते. अशी शंका आली तरी हृदयाची गोळी मनाने बंद करू नका. ज्यांनी चिठ्ठी लिहिली त्या डॉक्टरांना विचारा. दम्याचा पंप ओढून चूळ न भरणाऱ्यांच्या घशात पांढरी बुरशी धरते. ती कापसाने पुसली जाते आणि खाली लाल दिसतं. मधुमेह ताब्यात नसेल किंवा कवळी रात्रंदिवस तोंडात असेल तरीही तेच.

ताप असेल तर

लहान मुलाला दोन दिवस ताप, मग हिरड्या सुजून लालबुंद, तोंडभर बारीक फोड, लाळ गळतेय, खात नाही, हा पहिल्यांदा झालेला हर्पिस. तळहात-तळपायावरही पुरळ असेल तर हात-पाय-तोंडाचा आजार. पावसाळ्यात बालवाडीत एकाला झाला की रांगेने होतो. २०२२ साली केरळात "टोमॅटो फ्लू" म्हणून गाजला तो याच जातीचा. दोन्ही आठ-पंधरा दिवसांत जातात आणि दोन्हींत धोका असतो तो पाणी कमी पडण्याचा. गार ताक, पेज, चोखायला बर्फ, जे जाईल ते द्या. सहा-आठ तास लघवी झाली नाही तर रात्र असली तरी निघा. हर्पिसवरचं औषध पहिल्या तीन दिवसांतच खरं उपयोगी पडतं.

मोठ्या माणसाच्या टाळूवर एकाच बाजूला फोड येऊन मधल्या रेषेपाशी अचानक थांबले असतील, तर ती तोंडातली नागीण.

घशातलं कसं ओळखायचं

घशातले व्रण आरशात नीट दिसत नाहीत, त्यामुळे भीती जास्त वाटते. निम्म्या वेळा माणसाला दिसलेली गोष्ट व्रण नसतेच. जिभेच्या अगदी मागे बाणाच्या टोकासारख्या ओळीत आठ ते बारा मोठे गोल उंचवटे असतात. ते प्रत्येकाला असतात, चवीसाठी असतात. घसा दुखला म्हणून कुणी बॅटरी मारून पाहतो आणि रात्रभर झोपत नाही. टॉन्सिलच्या खाचेत अडकलेले पांढरे, वास येणारे कण हेही व्रण नव्हेत. जिभेवरचे लाल नकाशे, ज्यांना पांढरी किनार असते आणि जे दर आठवड्याला जागा बदलतात, तेही निरुपद्रवी.

खरा त्रास असा ओळखा. अचानक ताप आणि पडजिभेच्या आजूबाजूला बारीक फोड: विषाणू. टॉन्सिलवर पू, गळ्यात दुखऱ्या गाठी, खोकला-सर्दी नाही: जिवाणूची शक्यता, तिथे प्रतिजैविकाला अर्थ आहे. टॉन्सिलवर राखाडी, चिकट, ओढल्यास रक्त येणारा पडदा: घटसर्प, थांबायचं नाही. मुरुमांवरची डॉक्सिसायक्लिन झोपताना घोटभर पाण्याबरोबर घेतली आणि सकाळी छातीच्या मधोमध गिळताना कळ आली, तर गोळी अन्ननलिकेत चिकटून तिथे जखम झालीय. ती गोळी पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्यायची असते. आणि घशात एकाच बाजूला दुखणं, त्याच बाजूच्या कानात कळ, आवाज बसलेला, मानेत गाठ, यातलं काहीही तीन आठवडे टिकलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीने पाहिलंच पाहिजे.

न दुखणारा व्रण

सगळ्यात जास्त मी याच व्रणाला घाबरते. दुखतं म्हणून माणूस येतो. दुखत नाही म्हणून घरी बसतो.

एक मावशी नातीच्या दातासाठी आल्या होत्या. बोलताना खालच्या ओठामागे काळपट काहीतरी दिसलं. मिसरी. चाळीस वर्षं, दिवसातून चार वेळा. "मावशी, जरा ओठ खाली करा." हिरडी आणि ओठाच्या मधल्या खळग्यात, नेमकी मिसरी जिथे बसते तिथे, हरभऱ्याएवढा चट्टा होता. मधे खोलगट, कडा वर आलेल्या. बोट लावलं तर खाली रबराच्या वॉशरसारखं टणक. "दुखत नाही हो, दोन-अडीच महिने झाले. जेल लावतेय." तुकडा तपासला, कर्करोग निघाला, पण लहान होता आणि मानेत गाठ नव्हती. शस्त्रक्रिया झाली. आता त्या दर तीन महिन्यांनी दाखवायला येतात आणि जाताना बाकावर बसलेल्या बायकांना ओठ खाली करायला लावतात.

भारतातल्या पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वात जास्त आढळतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण मावा, खर्रा, मळलेली तंबाखू, मिसरी घराघरांत आहेच. नुसती सुपारीही निर्दोष नाही, तिलाही कर्करोगकारक ठरवलेलं आहे. सुपारीचा पहिला इशारा व्रणाच्याही आधी येतो: साधी आमटी झोंबायला लागते, गाल आतून पांढुरके पडतात आणि तोंड कमी उघडतं. आपलीच तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून बघा. जात नसतील तर सुपारी आजच सोडा आणि दाखवा.

तीन आठवड्यांत न भरलेला कोणताही एकटा व्रण, दुखरा असो की न दुखणारा, तंबाखू खाणाऱ्याचा असो की निर्व्यसनी माणसाचा, तपासायलाच हवा. कडा टणक असतील, रक्त येत असेल, दात कारण नसताना हलत असेल तर तीन आठवडेही थांबू नका. यासाठी मोठी यंत्रं लागत नाहीत. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी नुसत्या डोळ्यांनी लोकांची तोंडं तपासली, आणि तंबाखू-दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू एक तृतीयांशाने कमी झाले. २००५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

न भरणारं सगळंच कर्करोग नसतं. गालावर पांढरी जाळी आणि मधे लाल सोललेलं असेल तर लायकेन प्लेनस. फोड येऊन लगेच फुटतात, चिंध्यांसारखी त्वचा लोंबते आणि महिनोन्‌महिने चालतं, तर पेम्फिगस. तो कितीदा तरी अंगावर येण्याआधी काही महिने फक्त तोंडातच असतो. क्षयाचाही व्रण जिभेवर येतो. हे सगळं डोळ्यांनी ठरत नाही, तुकडाच काढावा लागतो.

तोवर काय लावायचं

साध्या ॲफ्थसला ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं तोंडात चिकटणारं मलम चांगलं, पण चुरचुर सुरू झाली त्याच दिवशी. जागा कापसाने टिपून कोरडी करा, मलम टेकवा, चोळू नका. रात्री जेवण आणि दात घासून झाल्यावर, म्हणजे ते टिकतं. क्लोरहेक्सिडिनची चूळ दोन आठवड्यांपलीकडे नको, दातांवर डाग पडतात. ब्रश आणि चूळ यांत अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर पेस्ट तिचा जोर घालवते. जेवता येत नसेल तर बधिर करणारं जेल जेवणाआधी.

जाईचा पाला चघळणं, तूप लावणं, ज्येष्ठमध धरणं, मिठाच्या कोमट पाण्याने चूळ, यांना माझी ना नाही, बरं वाटतं. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका आणि बोरिक ग्लिसरीन लहान मुलांच्या तोंडात लावू नका, ते पोटात जातं. कोरडी तुरटी किंवा मीठ दाबून धरल्याने व्रण "जळून जातो" असं म्हणतात. जळतं ते आजूबाजूचं चांगलं मांस.

दाखवायला जाताना

कॅलेंडरची पानं, फोटो, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि वापरलेल्या ट्यूबा घेऊन जा. तंबाखू-सुपारी किती वर्षं आणि कोणत्या बाजूला धरता हे खरं सांगा. आम्ही रागवायला बसलेलो नाही, आम्हाला ती बाजू बघायची असते. वारंवार तोंड येणाऱ्यांत साधारण सी.बी.सी. (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, बी-१२, फॉलेट (म्हणजे फॉलिक ॲसिड) आणि साखर एवढ्यापासून सुरुवात होते; एच.आय.व्ही. तपासणी सांगितली तर अपमान मानू नका, ती तपासाचा भाग आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, तिथे तोंडाच्या आजारांचा वेगळा विभाग असतो.

तुकडा काढायचा म्हटलं की घरात कुणीतरी म्हणतंच, "कापलं की पसरतं." पसरतं ते उशीर केल्याने. जागा बधिर करून तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढा तुकडा घेतात, एखादा टाका घालतात, दहा-पंधरा मिनिटांत काम होतं आणि माणूस चालत घरी जातो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. आणि दाखवायला निघण्याच्या दिवशी सकाळी त्या जागेवर काही लावू नका. जेलचा पांढरा थर खरवडून काढावा लागतो, तुम्हाला दुखतं आणि आम्हाला खालची कड नीट दिसत नाही.